लो-कार्ब पण करायचं आणि तूप-तेलाला पण घाबरायचं, हे जमायचं कसं?

पेठेतला गडी:
जिममध्ये सध्या लई जणांचं हेच चाललंय. भाकरी बंद, भात बंद, ते ठीक, पण तेल-तूप पण बंद! डब्यात काय तर उकडलेलं चिकन ब्रेस्ट आणि अंड्याचा नुसता पांढरा भाग, पिवळा बलक सरळ बेसिनमध्ये. मग मळमळ, जुलाब, कितीबी खाल्लं तरी पोट भरल्यागत वाटत नाही, आणि वर म्हणायचं लो-कार्ब बोगस आहे. अरे भावा, अर्धा किलो शिजलेल्या ब्रेस्टमध्ये आठशेच्या आसपास कॅलरी, बाकीची ताकद कुठनं येणार? प्रोटीनमधल्या नायट्रोजनचं युरिया करायची लिव्हरची एक लिमिट असते, साधारण एकूण कॅलरीच्या ३५ टक्क्यांच्या वर प्रोटीन गेलं की अंगाला झेपत नाही. स्टेफान्सन नावाचा आर्क्टिकमध्ये फिरलेला माणूस, १९२८ मध्ये न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांच्या देखरेखीखाली नुसत्या मांसावर राहिला. सुरुवातीला चरबी काढलेलं मांस दिलं तर दोन-तीन दिवसांत जुलाब लागले, चरबी दिल्यावर बरा झाला आणि पुढं वर्षभर तेच खाल्लं. माझं म्हणणं एवढंच, कार्ब सोडा नाहीतर फॅट सोडा, दोन्ही एकदम सोडू नका.

राजारामपुरीकर:
झालं, मटणाच्या तर्रीला आता सायंटिफिक सर्टिफिकेट मिळालं 😂 पोटावर जो टायर आहे ते फॅटच आहे की, वजन उतरवायचंय तर आधी ते वापरू दे, वरनं तूप कशाला ओततोस?

पेठेतला गडी:
टायरवाल्याला थोडं कमी चालेल, मान्य. पण अंगातली चरबी रोज हवी तेवढी सुटत नाही, आणि मी बोलतोय ते आधीच सडपातळ पोरांबद्दल, त्यांच्याकडं टायर आहेच कुठं.

राजारामपुरीकर:
सडपातळ माणसांचंच एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, अशा डाएटवर कधीकधी भसाभसा वाढतं, ते पण सांग की. घरात हार्टची हिस्ट्री असलेल्यानं तुझं वाचून साजूक तुपाचा डबा उघडला तर?

रंकाळा वॉक:
आमच्या तालमीत पैलवान दूध, तूप, बदामाची थंडाई सगळं रिचवायचे. पण पहाटे उठून जोर-बैठका मारायचे, तुमच्यासारखं तूप खाऊन लिफ्टनं वर जात नव्हते 😄 आणि ते भाकरी पण खायचे, त्यामुळं त्यांचं उदाहरण तुम्हा दोघांनाबी लागू नाही.

स्वयंपाकघरातली ताई:
दादा, चरबीचा मुद्दा पटला, पण सगळं तिच्यावरच नका ढकलू. पहिल्या आठवड्यातलं डोकं दुखणं, उठल्यावर गरगरणं हे बऱ्याचदा मिठाचं असतं. कार्ब कमी झाले की इन्सुलिन उतरतं आणि किडनी सोडियम बाहेर टाकते. वाटीभर पांढरा रस्सा प्यायला तरी बरं वाटतं, मटणाचं पाणी, मीठ, खोबऱ्याचं दूध सगळं एकदम जातं. बीपी किंवा किडनीचा त्रास असेल तर मात्र विचारूनच.
आणि शुगरवाल्यांनी हे परस्पर सुरू करूच नये. इन्सुलिन किंवा शुगर पाडणाऱ्या गोळ्या तेवढ्याच ठेवून भाकरी सोडली तर शुगर धाडकन खाली येते. ज्या गोळीच्या नावात शेवटी ग्लिफ्लोझिन असतं तिच्यावर तर शुगर नॉर्मल दिसत असतानाही कीटोन (चरबी जळताना रक्तात तयार होणारं आम्ल) वाढून थेट ॲडमिट व्हायची वेळ येऊ शकते.

पेठेतला गडी:
ताई, हे एक नंबर सांगितलंत, गोळ्यांचं माझ्या डोक्यातच नव्हतं. आणि मी पण डबाभर तूप म्हणत नाही. बलक टाकू नका, ब्रेस्टऐवजी मांडी घ्या, भाजीला शेंगदाण्याचं तेल नीट घाला, मूठभर शेंगदाणे खावा, एवढ्यानं भागतंय.

राजारामपुरीकर:
एवढंच असेल तर भांडण नाही. पण सुरू करायच्या आधी लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉलची रक्त तपासणी) काढ आणि तीन महिन्यांनी परत काढ, दोन्ही आकडे इथं टाक, मग बोलू.

रंकाळा वॉक:
ते असूदे, रविवारच्या मटणाचं काय, चरबी ठेवायची का काढायची?

पेठेतला गडी:
ठेव. भाकरी सोडणार असलास तरच.