मीठ दिल्यावर ज्वारीचा रस थांबतो, म्हणजे अ‍ॅक्वापोरिन (पेशीत पाणी नेणारी प्रथिन-वाहिनी) बंद झाली का?

काळी_माती (सोलापूर)
मालदांडीची रोपं अर्ध्या ताकदीच्या होगलँड या पोषक द्रावणात आहेत. १०० मिलिमोलर मीठ (लिटरला ५.८४ ग्रॅम) दिलं की कापलेल्या बुंध्यातून येणारा रस लगेच थांबतो. पेशीपटलातल्या पीआयपी (अ‍ॅक्वापोरिनचा एक प्रकार) वाहिन्या मिटल्या, असा निष्कर्ष काढू का?

मूळरोम
नको. एवढ्या मिठाचा ऑस्मॉटिक दाब साधारण ०.४५ मेगापास्कल भरतो, झायलममधल्या (पाणी वर नेणाऱ्या नळ्यांमधल्या) रसाचा त्याहून बराच कमी. पाणी आत ओढायला जोरच उरत नाही, त्यामुळे वाहिन्या सताड उघड्या असल्या तरी रस थांबणारच. तुम्हाला वाहकता, म्हणजे मुळं किती सहज पाणी जाऊ देतात ते, हवी आहे. मुळं त्याच द्रावणात बुडवून प्रेशर चेंबरमध्ये ठेवा, दाब टप्प्याटप्प्यानं वाढवा, प्रत्येक टप्प्यावर प्रवाह स्थिर झाला की मोजा. दाब-प्रवाह आलेखाचा उतार भागिले मुळांचं कोरडं वजन, ही वाहकता. मिठानं रेषा नुसती उजवीकडे सरकली तर तो ऑस्मॉटिक परिणाम. उतार कमी झाला तरच वाहिन्यांवर संशय घ्या. बुंध्याभोवतीचं सील जास्त आवळलं तर झायलम चेपतं आणि उतार खोटाच कमी येतो. सैल राहिलं तर कडेनं गळती.

पटलवाला
नुसत्या क्यूपीसीआरवरही (जनुकांचे संदेश मोजणारी चाचणी) विसंबू नका. अरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या नमुना-रोपात १०० मिलिमोलर मिठानं मुळांची वाहकता तासाभरात स्पष्ट घसरते, जनुकांचे संदेश मात्र काही तासांनी. आधी प्रथिनाच्या शेपटीवरच्या सेरीनचं फॉस्फेट आणि पटलातली जागा बदलते; वाहिन्या पुटिकांमधून आत ओढल्या जातात. शिवाय वाहकता दिवसभरात वरखाली होते. कंट्रोल (बिनमिठाची रोपं) सकाळी आणि मिठाची रोपं दुपारी मोजलीत तर तुलनेला अर्थ नाही.

काळी_माती
सर, उतार खरंच कमी आला तर पुढे? वाहिन्या रोखायला मर्क्युरिक क्लोराइड (पाऱ्याचं संयुग) चालेल?

मूळरोम
५० मायक्रोमोलर, दहा-पंधरा मिनिटं, मग डीटीटी (पाऱ्याचा परिणाम उलटवणारं रसायन) देऊन वाहकता परत येते का पाहा. परत आली नाही तर पाऱ्यानं श्वसनच बिघडवलं असेल, तो आकडा धरू नका. सांडपाणी बेसिनमध्ये ओतायचं नाही, वेगळ्या बाटलीत साठवा. सोबत मॅनिटॉलचा समदाबी (मिठाइतक्याच ऑस्मॉटिक दाबाचा, पण सोडियम नसलेला) कंट्रोल हवाच, साधारण १८५ मिलिमोलर. त्याशिवाय सोडियमचा परिणाम वेगळा काढता येणार नाही.

आणि बोअरचं पाणी वापरू नका, त्यात आधीच क्षार असतात. सोलापूरच्या उन्हाळ्यात ट्रेमधलं पाणी उडून द्रावण घट्ट होतं. रोज ईसी (द्रावणाची विद्युतवाहकता) बघून डिस्टिल्ड पाण्यानं खुणेपर्यंत भरा.