अनुभव हवेत: घरच्या कामाला काँक्रीट मिक्सर कुठला घेतलात?

बोरिवलीच्या गावठाणात आमचं बैठं घर आहे. पालिकेची परवानगी झाली, आता पावसाळा संपला की पत्रे काढून स्लॅब घालायचा. गल्लीत रिक्षा कशीबशी शिरते. कंत्राटदार म्हणतो, छोटा इलेक्ट्रिक मिक्सर विकतच घ्या. मेव्हणे म्हणतात, आरएमसी मागवा, म्हणजे प्लांटवरून गाडीने येणारं तयार काँक्रीट. स्वतः उभं राहून काम करून घेतलेल्यांनी लिहा, जाहिरातीतलं ज्ञान नको.

रिकामं_घमेलं
आरएमसीचा विषय आधी संपवू. गाडी साधारण ६ घनमीटरची. १० बाय १५ ची खोली आणि ५ इंची स्लॅब धरला तर माल लागतो पावणेदोन घनमीटर, बीम वेगळे. एवढ्यासाठी ती गाडी नाक्यावर उभी करून वर पंपही लावणार? मेव्हण्यांना चहा पाजा.

मिस्त्रीची_लेक
दादा, एक गोणीवाला १०/७ भाड्याने घ्या. १० घनफूट कोरा माल आत, ७ घनफूट ओला बाहेर. सिमेंटची गोणी सव्वा घनफुटाची. १ : १.५ : ३ च्या (सिमेंट : रेती : खडी) मालाला कोरं सगळं मिळून सातेक घनफूट होतं, म्हणजे अख्खी गोणी आरामात फिरते. हाफ-बॅगवाल्यात गोणी अर्धी करावी लागते. ती अर्धी कोण मोजतं? कोणीच नाही. घमेल्याच्या अंदाजाने पडते आणि प्रत्येक फेरीचा माल वेगळा निघतो. वर धरलेल्या १० बाय १५ च्या खोलीला चौदा-पंधरा गोण्या लागतील, बीमच्या वेगळ्या. खडी-रेतीलाही घमेली मोजू नका, लाकडी फर्मा, म्हणजे मापाचा खोका, करून घ्या.

हॉपरवाला (माल उचलून ड्रममध्ये ओतणारी मोठी बादली लावलेला) घेऊ नका, गल्लीत बसणार नाही. गल्ली टेपने मोजून आकडा मिक्सरवाल्याला सांगा. तरीही बसत नसेल तर मिक्सर नाक्यावर आणि घमेल्यांची रांग घरापर्यंत. माणसं वाढतील, पण काम होतं.

निवृत्त_साइट_इंजिनिअर
मशीन कुठलंही आणा, पाण्याचा पाइप मिक्सरवाल्याच्या हातून काढून घ्या. माल पातळ केला की तो झटपट पडतो, पसरतो, सगळे खूश. स्लॅब मात्र आयुष्यभर गळतो. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे एम २० च्या (वरच्या १ : १.५ : ३ च्या) साध्या मालाला एका गोणीमागे ३० लिटर पाणी. १५ लिटरच्या खुणेच्या दोन बादल्या द्या, रेती ओली असेल तर त्याहून कमी. ड्रम प्रत्येक वेळी किमान २ मिनिटं फिरला पाहिजे. दुपारनंतर हा वेळ हळूच कमी होतो, तेव्हा तिथेच खुर्ची टाकून बसा.

चाळकरी_वरळी
इलेक्ट्रिकचा आमचा अनुभव: घरातल्या मीटरवरून लांब, बारीक वायर ओढली. दोन-चार गोण्या नीट गेल्या, मग मोटर तापून बंद. भरलेला ड्रम पुन्हा सुरूच होईना, अख्खा माल फावड्याने उपसला. वर अर्धा स्लॅब भरलेला, जोड पडला. आज तिथेच ओल दिसते. डिझेलचा आवाज-धूर शेजाऱ्यांना आदल्या दिवशी सांगून सोसता येतो.

कोकणातलं_घर
विकत घेणं कधी परवडतं? आमच्यासारखं. राजापूरकडे घर बांधलं, भाड्याचा मिक्सर लांबून यायचा, म्हणून छोटा इलेक्ट्रिक घेतला. नंतर कंपाउंड, विहिरीचा कठडा, गोठ्याची फरशी, सगळं त्यावर झालं. मुंबईत तो ठेवणार कुठे? गॅलरीत?

सहज_वाचतेय
विषयांतर होतंय, पण फ्लॅटवाल्यांसाठी: बाथरूमच्या टाइल्सला ड्रम लागत नाही. टाइल ॲडेसिव्हला बादली आणि ड्रिलसारखा हातात धरायचा पॅडल मिक्सर पुरतो.

धागाकर्ता
सगळ्यांचे आभार. डिझेलचा एक गोणीवाला, भाड्याने, ठरलं. ताई, मशीन पसंत करताना काय बघू?

मिस्त्रीची_लेक
आत हात घालून पाती बघा. झिजलेली किंवा जुन्या सिमेंटने थापलेली असतील तर माल मिसळत नाही, नुसता लोळतो. इंजिन समोर चालू करायला लावा. पहिल्या फेरीत थोडं सिमेंट-रेती ड्रमलाच चिकटतं, तेव्हा तेवढ्या फेरीला खडी थोडी कमी. काम संपलं की लगेच खडी आणि पाणी टाकून ड्रम फिरवून घ्या, आणि ते धुवण गल्लीतल्या गटारात सोडू देऊ नका. ते तिथेच घट्ट बसतं आणि मग अख्खं गावठाण तुमच्या दारात.