खांदा वेगळा, छिद्रं वेगळी

दुर्बिणीतून पित्ताशय काढताना छिद्रांपाशी सुन्न करायचं औषध टोचूनही पेशंटचा खांदा दुखतोच, मग टोचायचं कशाला, असा प्रश्न पडतो. खांद्याचं दुखणं छिद्रांचं नसतंच. पोट फुगवायला भरलेला कार्बन डायऑक्साइड श्वासपटलाला चिडवतो आणि फ्रेनिक नर्व्ह (श्वासपटलाची नस) ते खांद्यावर नेऊन दाखवते. ट्रोकार (छिद्रांत बसवलेल्या नळ्या) काढण्याआधी झडप उघडून, पोट हलकं दाबून गॅस नीट घालवावा. घाईत नेमकं हेच राहतं.

पोटाच्या भिंतीच्या दुखण्याला मात्र ब्युपिव्हाकेन, म्हणजे हेच सुन्न करायचं औषध, उत्तम. सुई नुसती कातडीखाली नको. पेरिटोनियमलगत (पोटाच्या आतल्या पातळ अस्तरालगत) औषधाचा फुगवटा कॅमेऱ्यात दिसला पाहिजे.

खरी गफलत हिशेबात होते. सुरगाण्याहून नाशिकला आलेली ५० किलोची बाई धरा. किलोला जास्तीत जास्त २ मिलिग्रॅम म्हणजे १०० मिलिग्रॅम, ०.५ टक्क्याची २० मिलीची एक बाटली. तेवढंच सलाइन मिसळलं की ०.२५ टक्क्याचं ४० मिली. भूलतज्ज्ञाने सोनोग्राफीवर बघून दोन्ही बरगड्यांखाली २०-२० मिलीचा टॅप ब्लॉक (पोटाच्या भिंतीच्या नसा सुन्न करणारं इंजेक्शन) दिला, की खातं रिकामं! त्यावर सर्जनने छिद्रांत आणि यकृताखाली आणखी ओतलं तर डोस जास्त होतो. जाग्या पेशंटला तोंडाभोवती मुंग्या, कानात आवाज जाणवतो. भुलीखालच्याचे मात्र थेट ठोकेच बिघडू शकतात. म्हणून टोचण्याआधी दोघांनी मिली मोठ्याने बोलून वाटून घ्यावेत, आणि जास्त डोसवरचा उतारा म्हणून २० टक्क्यांचं लिपिड इमल्शन थिएटरातच असावं.

औषधाचा अंमल साधारण ६ ते ८ तास. पॅरासिटामॉल तो उतरण्याआधीच सुरू करायचं, कळ यायची वाट बघत बसायचं नाही.