मदत हवी आहे: क्रेस्टेड गेकोंच्या टाकीत ओलावा टिकत नाही

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे दोन क्रेस्टेड गेको (फांद्यांवर चढणाऱ्या पाळीव पाली) आहेत, दोन्ही माद्या. त्यांच्यासाठी ४५ × ४५ सेंमी तळाची, ६० सेंमी उंचीची काचेची टाकी लावतोय. समोर दार, वर पूर्ण जाळी. आडव्या-तिरक्या फांद्या, कॉर्कच्या सालीची नळी आणि पोथोसचा वेल एवढं झालंय.

अडचण ओलाव्याची. रात्री फवारा मारला की मीटर ८० टक्के दाखवतो. दोघी बाहेर येऊन काचेवरचे थेंब चाटतात, ते बघायला मजा येते. पण सकाळपर्यंत आकडा ४५ च्या खाली! जास्त फवारावं तर तळाचा नारळाचा भुसा चिकचिकीत होतो आणि कोपऱ्यात पांढरी बुरशी धरते. अर्धी जाळी अ‍ॅक्रिलिकने झाकावी असं वाटतंय, पण हवा कोंडली तर? कोणी करून पाहिलंय का? भुशाखाली खडे आणि त्यावर बारीक जाळी घातल्याने खरंच फरक पडतो का?

तापमान २४-२५ अंश राहतं, त्यामुळे हीटर नको. (२८ च्या वर त्यांना त्रास होतो, म्हणून उलट उन्हाळ्याचीच धास्ती.) सौम्य यूव्हीबी ट्यूब (अतिनील किरणांचा दिवा) मात्र लावायची आहे. ती जाळीच्या वर ठेवली तर सर्वांत वरची फांदी किती खाली असावी?

आणखी एक. एकीचं शेपूट आधीपासूनच नाही, या जातीत ते परत येत नाही. दुसरी तिला खाण्याच्या वाटीपाशी फिरकू देत नाही. दोन उंचींवर दोन वाट्या लावून भागेल, की सरळ वेगळ्या टाक्या कराव्यात? शक्य असेल तर तुमच्या टाकीचे फोटो टाका.