शॉकअप बदलायचे कधी?

ए-४०३: नमस्कार सोसायटीतली मंडळी. आमच्या २०१२ च्या वॅगनआरचं रनिंग ९४,००० झालंय. गेटजवळच्या स्पीडब्रेकरवरून गेली की मागून धडधड येते. गॅरेजवाला म्हणतो चारही शॉकअप बदला. गणपतीला ताम्हिणीतून माणगावकडे जायचंय, आई-बाबा सोबत. आत्ताच करू की आल्यावर?

सी-१०१: आमचे १,१०,००० ला पण ओरिजिनलच आहेत. काही आवाज नाही. थांबा की.

बी-७०२: आवाज नाही म्हणजे शॉकअप चांगले, असं नसतं हो. ते हळूहळू मऊ पडतात आणि आपल्या हाताला त्याची सवय होऊन जाते. माझी जुनी गाडी भाच्याने खंबाटकीत चालवली आणि पहिल्याच वळणाला म्हणाला, मामा, गाडी पोहतेय. मला वर्षभर कळलं नव्हतं. स्प्रिंग गाडी उचलून धरते, तिचं उसळणं थांबवतो शॉकअप. तो गेला की चाक रस्त्यावर नीट टेकत नाही, खडबडीत रस्त्यावर ब्रेकही उशिरा लागतो. घाटात, पावसात आणि पाच माणसं भरून जाणार आहात. आल्यावर नको.

ए-४०३: मग काका, चारही?

बी-७०२: आधी बघून घ्या. चारही कोपरे एकेक करून जोरात दाबून सोडा. वर येऊन थांबायला हवी, दोन-तीनदा डुलली तर तो गेला. पण नाही डुलली म्हणून चांगलाच असेल असंही नाही. टॉर्च घेऊन खाली वाका. शॉकअपवर तेलकट धूळ असेल तर चालतं. ओला ओघळ आणि त्यावर चिखल चिकटलेला दिसला तर सील गेलं. मग टायरवरून तळहात फिरवा, उंच-खोल लागलं तर चाक रस्त्यावर नीट टेकत नव्हतं समजा.

ए-४०३: आत्ताच पार्किंगमधून आलो. मागचा डावा खालपर्यंत ओला आहे, खालच्या बुशाचं (शॉकअप जिथे बोल्टने जोडतात तिथलं) रबर पण चिरलंय. त्याच टायरला हाताला लाटा लागतात, उंच-खोल, उंच-खोल. पुढचे दोन्ही कोरडे, डुलत पण नाहीत.

बी-७०२: मग मागचे दोन्ही बदला. एक नवा एक जुना ठेवू नका, वळणावर दोन बाजू वेगळ्या वागतात. पुढच्यांचं गॅरेजवाल्याला विचारा, नेमकं काय दिसलं ते दाखव म्हणावं. पुढची खडखड बऱ्याचदा लिंक रॉडची (चाकाजवळचा छोटा जोडदांडा) किंवा शॉकअप वर जिथे बसतो त्या माउंटिंगची असते आणि बिल शॉकअपचं होतं.

ए-२०५: काका, जुन्यातच तेल भरून देतात म्हणे, निम्म्या पैशात?

बी-७०२: नको ताई. आतला दांडा घासलेला असला तर नवं सीलही टिकत नाही. घरच्यांना बसवायच्या गाडीत तरी हे करू नका.

सी-१०१: पुढचे बदलले तर अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवून घेणं, लागतंच का?

बी-७०२: हो, लगेच. आणि वरचं माउंटिंग, बंप स्टॉप (धक्का अडवणारा रबरी ठोकळा), धुळीचं कव्हर त्याच वेळी बघून घ्या, नाहीतर मजुरी दोनदा जाते. तुमचेही रविवारी बघू, सकाळी ८ ला खाली या.

ए-४०३: उद्या टाकतोय गाडी. मागचेच दोन.

बी-७०२: समोर उभे राहा. बुशचे बोल्ट शेवटचे आवळताना गाडी चाकांवर उभी हवी. जॅकवर लोंबकळत असताना आवळले तर रबर पिळलेलंच राहतं आणि लवकर फाटतं.