दिवे घाटातला फोटो आणि बिल्डरचा फ्लेक्स

घाटवाट:
माऊलींची पालखी पुण्याहून सासवडला निघते त्या दिवशी मी पहाटे तीनलाच घर सोडतो, नाहीतर दिवे घाटात उभं राहायला जागा मिळत नाही. यंदा भुरभुर पावसात मनासारखा फोटो मिळाला. खाली वळणावळणाने चढणाऱ्या दिंड्या, पुढ्यात डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या आजी. इन्स्टाग्रामवर टाकला, कोपऱ्यात बारीक अक्षरात नाव. आषाढी एकादशीला हडपसरमध्ये एका बिल्डरच्या फ्लेक्सवर तोच फोटो! नावाचा कोपरा कापलेला, आजींच्या तुळशीशेजारी गृहप्रकल्पाचा लोगो. फोन केला तर उत्तर आलं, ‘नेटवर होता, घेतला.’

1957च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे फोटो काढला त्याच क्षणी हक्क माझा झाला, नोंदणीची सक्ती नाही. नेटवर टाकलं म्हणजे दान केलं असं होत नाही. अशांवर गुन्हा दाखल व्हायलाच हवा.

मंडळाचा कार्यकर्ता:
फ्लेक्सवाल्याचं चुकलंच. पण ‘गुन्हा’ म्हटलं की आमच्यासारख्यांना धडकी भरते. गणपतीचा अहवाल आम्ही रात्री जागून जुळवतो. मिरवणुकीचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाच ग्रुप फिरून आलेले असतात, नाव नाही, गाव नाही. विचारायचं कुणाला? कलम 63 मध्ये सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड आहे. अहवाल जुळवणाऱ्या विशीतल्या पोराला हे? आणि वारी काय, विसर्जन काय, सगळ्यांचं आहे. त्या आजींना तुम्ही तरी विचारलं होतं का?

लग्नाचे फोटो काढणारी:
कार्यकर्ते, नाही पटलं. ढोलपथकाला सुपारी देता, मांडववाल्याचं बिल देता, अहवाल छापणाऱ्यालाही पैसे देता. तेव्हा ‘सगळ्यांचं’ आठवत नाही, फक्त फोटोवाल्याच्या वेळी आठवतं.

घाटवाट, आपल्या बाजूचंही एक सांगते. पैसे घेऊन काढलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, कलम 17 प्रमाणे गिऱ्हाईक असतं. मी एका नवरीचे फोटो तिला न विचारता पेजवर टाकले होते. तिने काढायला लावले, आणि तिचं बरोबर होतं. तेव्हापासून आधी लिहून घेते.

घाटवाट:
कार्यकर्ते, कलम 63 जाणूनबुजून करणाऱ्याला आहे. धंद्याच्या फायद्यासाठी केलं नसेल तर न्यायालय कारणं नोंदवून शिक्षा कमी करू शकतं. तुमच्या पोराच्या मागे मला लागायचंच नाही. त्याने फोटोखाली नाव छापलं तरी मला पुरे, तो हक्क कलम 57 मध्ये आहे. पण कोपरा कापणाऱ्याने नाव वाचूनच कापलं ना? त्याला ‘माहीत नव्हतं’ म्हणायची सोय नाही. कॅमेऱ्यातली मूळ, न बदललेली रॉ फाइल माझ्याकडे आहे, वकिलाची नोटीस गेली आहे.

मंडळाचा कार्यकर्ता:
नाव सापडलं तर यंदापासून छापू, शब्द देतो. न सापडलं तर फोटो वगळा म्हणाल, तर ते मला पटत नाही, अहवाल निम्मा रिकामा राहील. आणि आजींचं उत्तर तुम्ही दिलं नाहीत.

घाटवाट:
नव्हतं विचारलं. गर्दीत त्या पुढे निघून गेल्या. फोटोत मागच्या फलकावर दिंडीचा क्रमांक दिसतोय. मोठी प्रिंट काढून ठेवली आहे, पुढच्या वारीला ती दिंडी गाठून आजींच्या हातात देणार, आणि तेव्हा विचारणार.