मदत हवी आहे: प्रश्नाच्या पानावर टॅग वर की खाली?

नमस्कार मंडळी, शेतीविषयक प्रश्नोत्तरांची एक छोटी मराठी साइट बनवतोय. विषयांचे टॅग पानावर कुठे ठेवावेत, यावर आमचं घोडं अडलंय.

स्टॅक ओव्हरफ्लोवर (प्रोग्रॅमिंगच्या प्रश्नोत्तरांची साइट) टॅग प्रश्नाच्या मजकुराखाली, उत्तरांच्या आधी येतात. एका प्रश्नाला जास्तीत जास्त ५. वाचून झालं की तिथूनच तशाच प्रश्नांकडे जाता येतं, हे मला पटतं. सहकाऱ्याला मात्र ते शीर्षकाला लागूनच हवेत. ‘पानं पिवळी पडताहेत, काय करू?’ एवढंच शीर्षक असेल, तर पीक सोयाबीन की डाळिंब हे टॅगशिवाय कळणार कसं? मुद्दा बिनतोड आहे. पण आमचे बहुतेक वाचक मोबाइलवाले. ‘डाळिंब’, ‘तेलकट डाग रोग’, ‘ठिबक सिंचन’ असे टॅग वर आले की दोन ओळी त्यांतच जातात आणि प्रश्न खाली ढकलला जातो. (उजव्या पट्टीचा पर्याय बाद, मोबाइलवर ती थेट तळाशी जाते.)

सध्या डोक्यात आहे ते असं: पिकाचा एकच टॅग शीर्षकाच्या वर, बाकीचे प्रश्नाखाली. असे दोन ठिकाणी विभागले तर वाचक गोंधळतील का? प्रश्नांच्या यादीतही हीच रचना ठेवावी का? कुणी प्रत्यक्ष करून पाहिलं असेल तर प्लीज सांगा.